कूलंटचा रंग विसरा, डब्यामागचा नंबर वाचा

कूलंटबद्दल मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच : "हिरवं घालू की गुलाबी?" तुमची गाडी युरोपीय असेल तर हा प्रश्नच सोडून द्या. रंग कंपनी कुठलाही घालते. बीएमडब्ल्यूमध्ये कित्येक वर्षं निळं कूलंट यायचं, नंतरच्या गाड्यांत हिरवं आलं. आणि आपल्याकडे दुकानात मिळणारं स्वस्त हिरवं कूलंट म्हणजे ते हिरवं नव्हे!

फरक असतो आत. इथिलीन ग्लायकॉल बहुतेक सगळ्यांत असतं. गंज रोखणारी द्रव्यं मात्र वेगळी. जपानी कंपन्या त्यासाठी फॉस्फेट वापरतात, सिलिकेट टाळतात. युरोपात बऱ्याच भागांतलं पाणी जड. त्यात फॉस्फेट मिसळलं की कॅल्शियमचा पांढरा थर साचतो. म्हणून तिथल्या कंपन्यांनी बहुधा फॉस्फेट टाळून सिलिकेट आणि सेंद्रिय आम्लं निवडली.

माझ्याकडे एक जुनी स्कोडा टो करून आणली होती. वाटेत कुठल्याशा गॅरेजमध्ये जांभळ्या कूलंटवर हिरवं ओतलेलं. टाकीत चहाच्या रंगाचा गाळ, हीटर बंद, रेडिएटर अर्धा चोंदलेला. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलं होतं. मालकाने वाचवले असतील तीन-चारशे रुपये, पण इंजिन खोलावं लागलं.

तर डब्याच्या मागे काय वाचायचं? फोक्सवॅगन, स्कोडा, औडीसाठी टीएल ७७४ आणि त्यापुढचं अक्षर. जे असेल तर ते जी १३, एल असेल तर जी १२ इव्हो. मर्सिडीजसाठी एमबी ३२५.० किंवा ३२५.५ अशासारखा नंबर. तुमच्या गाडीला कुठला, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. डब्यावर 'सर्व युरोपीय गाड्यांसाठी' एवढंच लिहिलं असेल आणि नंबर नसेल, तर मी तो डबा परत ठेवतो. 'अप्रूव्ह्ड' आणि 'योग्य' हे शब्दही सारखे नाहीत. दुसरा शब्द विकणाऱ्याचा असतो.

"आमच्याकडे बर्फ कुठे पडतो, पाणीच घालतो," असं इंदूरपासून बेळगावपर्यंत सगळीकडे ऐकतो. अहो, नुसतं पाणी गंज थांबवत नाही, आणि ते उकळतंही लवकर. बोअरचं तर नकोच. कॉन्सन्ट्रेट आणलं असेल तर बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर निम्मं मिसळा. डब्यावर 'रेडी टू यूज' असेल तर थेंबभरही पाणी नको, ते आधीच मिसळलेलं असतं.

रस्त्यात कूलंट कमी झालं आणि योग्य डबा मिळाला नाही, तर डिस्टिल्ड वॉटर घालून हळूहळू गॅरेज गाठा. नंतर गळती शोधून घ्या आणि मिश्रण योग्य प्रमाणात करून घ्या. झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं. आत दाब असतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

आधीच दोन प्रकार मिसळले गेले असतील, तर नुसतं वरचं काढून भागत नाही. आतून स्वच्छ पाण्याने, निघणारं पाणी नितळ होईपर्यंत धुवून घ्या, शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरा, मग नवं भरा. काढलेलं कूलंट गटारात ओतू नका. ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.