पुरातत्त्वाची पदवी आणि पोटाचा प्रश्न



मुलगी बारावीला उत्तम मार्क मिळवते आणि घरी येऊन सांगते, "मला पुरातत्त्व शिकायचंय." आईच्या पोटात गोळा येतो, बाबा पेपरात तोंड घालतात आणि काका विचारतात, "हाडं उकरून पोट भरतं का?" काकांना अरसिक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला त्यांचा प्रश्न रास्त वाटतो. आज त्याच्याच उत्तराच्या मागे लागू.

आधी खर्चाचे बघू. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फीशी तुलना केली, तर आपल्याकडे पुरातत्त्वातल्या एम.ए.ची फी किरकोळ आहे. फीपायी कुणी कर्जबाजारी होत नाही. खर्च होतो तो वर्षांचा. पदवीची तीन, एम.ए.ची दोन, आणि खरे काम करायचे तर पुढे पीएच.डी. तोवर तिशी येते. बरोबरीच्या पोरांचे फ्लॅटचे हप्ते सुरू झालेले असतात आणि आपली कन्या दिवाळीनंतर कुठल्यातरी पांढरीच्या टेकाडावर तंबूत राहायला गेलेली असते. पहिला पक्का पैसा येतो तो नेट होऊन कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर. तिचा दर २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, दोन वर्षांनी ४२ हजार. ज्याला ती मिळते त्याचे भागते. न मिळणाऱ्याचे आयुष्य सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर चालते, आणि दोन कंत्राटांच्या मधल्या काळात घरभाडे घरूनच येते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की आज हे शिक्षण त्यांनाच झेपते, ज्यांच्या घरी कुणाचा तरी पगार चालू आहे. ही गोष्ट प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापलेली नसते.

मग मिळते काय? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यामागची माणसे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतकरी गावातले पाच खोल्यांचे घर तिथे सापडले, शेजारी धान्याचे कोठार. त्या घराच्या अंगणात मातीचा एक मोठा रांजण निघाला, चार पायांचा, आणि त्यात एक प्रौढ पुरुष बसवून पुरलेला. त्या गावात मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडायची रीत होती. या माणसाचे पाय मात्र शाबूत होते. यावरून तो गावचा प्रमुख असावा, असा तर्क उत्खनन करणाऱ्यांनी केला.

आता विद्यार्थ्याच्या बाजूने हे बघा. त्या रांजणाभोवतीची माती ब्रशने झाडायची, प्रत्येक थराची खूण पटवायची, पातळी मोजायची, नकाशा काढायचा, खापरे धुऊन, वाळवून एकेकावर शाईने बारीक आकडा घालायचा. मातीतले जळके दाणे पाण्यात तरंगवून वेगळे करायचे. दाणे वनस्पतींच्या जाणकाराकडे, जनावरांची हाडे प्राण्यांच्या अभ्यासकाकडे, माणसांचे दात शरीरशास्त्राच्या माणसाकडे. आणि गावातल्या ज्या बाईने आयुष्यभर माती सारवली आहे, तिला मातीचा बदललेला रंग आपल्या आधी दिसतो हे मुकाट्याने कबूल करायचे. मोजणी, नोंद, पुराव्यापुरतेच बोलणे आणि परक्या शास्त्राच्या माणसांबरोबर काम निभावणे, एवढे ही पदवी पक्के शिकवते. ज्या खात्याला, ज्या कंपनीला हे कळते तिथे अशा माणसाला किंमत मिळते. गोम एवढीच, की कळणारी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

ती तशी का आहेत, हे समजायला इंग्लंडकडे बघावे लागते. १९९० साली तिथे नियोजनाचे एक मार्गदर्शक धोरण आले. ज्या जमिनीखाली पुरावशेष असण्याचा संभव आहे, तिथे बांधकामाआधी तपासणी करायची आणि खर्च बांधणाऱ्याने सोसायचा. एवढ्याने चित्र पालटले. गावोगावी उत्खननाचे काम घेणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. लंडन ते बर्मिंगहॅम जलद रेल्वेच्या कामात पुरातत्त्वज्ञांची फौजच लागली. लंडनच्या यूस्टन स्टेशनाजवळच्या जुन्या दफनभूमीत २०१९ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाची सागरी प्रदक्षिणा करणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सचे अवशेष सापडले. ओळख पटली ती शवपेटीवरच्या शिशाच्या नामपट्टीमुळे. पगार तिथेही फार नाहीत, कुणी भुलू नये. पण काम आहे. आणि गंमत बघा, तिथे २०१२ पासून फीची मर्यादा वर्षाला नऊ हजार पौंडांवर गेली, आणि २०२१ मध्ये शेफील्ड विद्यापीठाने आपला नावाजलेला पुरातत्त्व विभाग बंद करायचे ठरवले. तिकडे काम आहे तर शिकणे महाग. इकडे शिकणे स्वस्त तर काम नाही.

आपल्याकडे १९५८ चा कायदा आहे, २०१० ची दुरुस्ती आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या आणखी दोनशे मीटरांत परवानगीने. चांगलेच आहे. पण हे सारे आधीच संरक्षित असलेल्या वास्तूंभोवती. ज्या मातीखाली काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, तिचे काय? पुण्यात २०१९ साली मेट्रोच्या खोदकामात स्वारगेटला जुने भुयार लागले, मंडईत मोठ्या जनावराची हाडे निघाली. तज्ज्ञांना बोलावणे गेले ते यंत्राने जमीन उघडल्यावर. तज्ज्ञ आधीपासून कामावर असता, तर एका मुलीला दोन वर्षांची नोकरी मिळाली असती आणि शहराला स्वतःच्या इतिहासाची नीट नोंद.

म्हणजे या पदवीची किंमत अभ्यासक्रमात ठरत नाही, कायद्यात आणि निविदेत ठरते. हाच प्रकार मोडी वाचणाऱ्यांचा झाला. वर्षानुवर्षे त्यांना कुणी विचारत नव्हते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी जाणकारांना एकाएकी मागणी आली. लिपी तीच, माणसे तीच. सरकारला गरज पडली, एवढेच.

विद्यार्थ्यांना म्हणून मी असे सांगतो. नुसती एम.ए. घेऊन थांबू नका. जुनी हाडे, जुने दाणे, संगणकावरचे नकाशे, धातूंचे रासायनिक जतन, यातले एखादे अंग पक्के करा, मोडी शिका. आणि घरातल्या मंडळींना पैशाचे खरे काय ते पहिल्याच दिवशी सांगा.

आणि बाकीच्या श्रोत्यांना एक विनंती. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. आता तुमच्या नगरपालिकेकडे एक अर्ज द्या. गावठाणात रस्ता, गटार किंवा इमारत खोदायची निविदा निघेल, तेव्हा तिच्यात पुरातत्त्वज्ञाची नेमणूक आणि तिचा खर्च ही एक ओळ घालावी, अशी मागणी करा. अर्जाची पोच घ्यायला मात्र विसरू नका.