पायवाटेचे पन्नास किलोमीटर

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रामटेक तालुक्यातल्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्या मैत्रिणींसाठी इथे देत आहोत.)



मला निरोप आला होता की, ताई, पंधरा मिनिटं बोला आणि तुमची यशोगाथा सांगा. आता खरं सांगू का, त्या शर्यतीत मी शेवटून तिसरी आले. तरी अध्यक्षताई म्हणाल्या, "या तर खरं." म्हणून आले.

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगते. मॅरेथॉन हे नाव तुम्ही टीव्हीवर ऐकलं असेल. ती असते ४२.१९५ किलोमीटरची. त्याहून लांब पळायचं असेल तर त्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. मी पळाले ती ५० किलोमीटरची होती, म्हणजे रामटेकहून नागपूर जेवढं आहे साधारण तेवढी. फरक एवढाच की नागपूरला डांबरी रस्ता जातो आणि ही होती सह्याद्रीतल्या जंगलवाटांवर. दगड, मुळं, कारवीची झुडपं, चढ आणि पुन्हा चढ. पुण्याकडे सिंहगड, राजगड, तोरणा असे तीन गड जोडून अशीच शर्यत होते, तीही पन्नास किलोमीटरच्या वर. लोक हौसेनं पैसे भरून जातात. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "पैसे देऊन थकायला जातात? आमच्या वावरात या म्हणावं, फुकटात थकवतो."

माझं पळणं सुरू झालं पोरीमुळे. तिला पोलीस भरतीला उतरायचं होतं. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. वनरक्षकाच्या भरतीत ३ किलोमीटर धावणं, आणि वरून ४ तासांत १६ किलोमीटर चालणं. पहाटे साडेचारला पोरगी एकटी रस्त्यावर कशी सोडायची? म्हणून मी सोबत जायची. पहिले पंधरा दिवस पुलावर बसून राहिले. थंडी वाजायची, म्हणून चालायला लागले. चालता चालता मधे मधे पळायला लागले. पोरगी भरती होऊन गेली आणि मी तिथेच पळत राहिले.

आता मुद्द्याची गोष्ट. मला बूट घ्यायचे होते. डोंगरवाटेचे बूट वेगळे असतात, तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारखे दात असतात. शर्यतीची फी, गाडीभाडं आणि बूट मिळून मी गटाकडे आठ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कर्ज मागणीच्या अर्जात "कारण" असा रकाना असतो ना? त्यात काय लिहायचं यावर आमच्या गटात पाऊण तास चर्चा झाली. एक जण म्हणाली, "शेतीपूरक व्यवसाय लिही." दुसरी म्हणाली, "आरोग्य लिही, म्हणजे कोणी विचारणार नाही." तिसरी स्पष्ट बोलली, "बाई, ही चैन आहे. उद्या मी टीव्हीसाठी मागीन."

तिचं म्हणणं मी खोडत नाही. गटाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे, विचारलंच पाहिजे. पण मग आम्ही मागच्या तीन वर्षांचं कर्ज रजिस्टर उघडलं. बियाणं, पोराची फी, नणंदेचं लग्न, नवऱ्याच्या गाडीचा हप्ता, सासऱ्याचं ऑपरेशन, घराची पत्रं. पानं उलटत गेलो. कर्ज घेणारी प्रत्येक वेळी बाई, फेडणारी बाई, आणि बाईच्या स्वतःच्या अंगाला लागेल असं त्या रजिस्टरमध्ये एकही कारण नव्हतं. चष्मासुद्धा नाही. मग सगळ्या गप्प झाल्या. शेवटी अध्यक्षांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "कारण – बूट व शर्यत." दहा हप्त्यांत फेडलं मी, एकही हप्ता चुकला नाही.

तुम्ही म्हणाल, आमचे टोंगळे उठता-बसता वाजतात, आम्ही काय पळणार? तर ऐका. डोंगरातली लांब शर्यत ही बरीचशी चालण्याचीच असते. जिंकणाऱ्यांचं सोडा, बाकी सगळे चढ चालतच चढतात. सपाटीला आणि हलक्या उताराला पळायचं. आपल्यातल्या कितीतरी बाया श्रावणात नागद्वारला जातात. पचमढीच्या त्या डोंगरात पावसात, चिखलात, निसरड्या दगडांवरून दिवसभर चढउतार करतात, डोक्यावर बोचकं असतं आणि पायात साधी चप्पल. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघालेली बाई दुपारपर्यंत किती चालते हे कोणी मोजलंय का? अंगात दम आहे. दमाची कमी मला कुठेच दिसली नाही.

बारामतीजवळच्या पिंपळीच्या लता करे तुम्हाला माहीत असतील. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे नव्हते म्हणून मॅरेथॉनच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळाली आणि जिंकली. मूळच्या आपल्या विदर्भातल्या, बुलढाण्याकडच्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात काम त्यांनी स्वतःच केलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण एक गोष्ट खटकते. बाई नवऱ्यासाठी पळाली की लोक टाळ्या वाजवतात. स्वतःसाठी पळाली तर विचारतात, घरी काही काम नाही का?

बाहेरच्या दोन बायांचं सांगते. मेक्सिको देशात रारामुरी नावाचे आदिवासी डोंगरात राहतात. त्यांच्यातली लोरेना रामिरेझ ही शेळ्या राखणारी मुलगी २०१७ साली डोंगरातल्या ५० किलोमीटरच्या शर्यतीत बायांमध्ये पहिली आली. अंगात घेरदार झगा आणि पायात टायरच्या रबराच्या चपला. (हे ऐकून कोणी चपलेवर पळू नका बरं. ती लहानपणापासून तशीच चालत आलेली आहे.) दुसरी ब्रिटनची जास्मिन पॅरिस, जनावरांची डॉक्टर. २०१९ च्या जानेवारीत बर्फाळ डोंगरातली सुमारे ४३० किलोमीटरची शर्यत तिनं ८३ तासांत जिंकली, पुरुषांनाही मागे टाकून. तेव्हा तिची मुलगी चौदा महिन्यांची होती. थांब्यावर बसून ती बाळासाठी दूध काढून ठेवायची आणि पुन्हा निघायची. पुढे २०२४ साली अमेरिकेतली बार्कली नावाची जंगलातली शर्यत तिनं पूर्ण केली. तिथे धड वाट नाही, काट्याकुट्यातून स्वतः रस्ता शोधायचा, ६० तासांच्या आत सुमारे १६० किलोमीटर. वेळ संपायला ९९ सेकंद उरले असताना ती पोचली. तोवर एकाही बाईनं ती पूर्ण केलेली नव्हती.

आता शिकावं काय लागतं ते सांगते, कारण नुसता दम पुरत नाही.

सगळ्यात आधी रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायांना रक्तक्षय आहे. म्हणजे या मांडवात बसलेल्या दोघींपैकी एक. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असेल तर ते कमीच. माझं निघालं ९.४. चढ आला की छाती धडधडायची आणि मी समजत होते की वय झालं. उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या घेतल्या. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्यायच्या. चार महिन्यांनी आकडा साडेअकराच्या वर गेला आणि कालव्याचा तोच चढ अर्धा झाल्यासारखा वाटला. पळा अथवा पळू नका, ही तपासणी मात्र करा.

दुसरी गोष्ट कोणी माईकवर बोलत नाही, मी बोलते. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायांना खोकलं की, उडी मारली की लघवीचे थेंब जातात. अंग बाहेर आल्यासारखं, जड वाटतं. ते "बाईपण" म्हणून सोसू नका. त्यावर व्यायाम आहेत, इलाज आहेत. आधी डॉक्टरला दाखवा, मगच पळायचं बघा.

सराव मी दहा महिने केला. रहस्य काही नाही, हळू पळायचं. इतकं हळू की शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली की चालायचं. दर आठवड्याला थोडंसंच वाढवायचं, दहा किलोमीटरचं अकरा. तीन आठवडे वाढवलं की चौथ्यात कमी करायचं. हाडं आणि शिरा फुप्फुसापेक्षा सावकाश तयार होतात. रविवारी मी पेंचच्या कालव्याच्या काठानं लांब जायची आणि बुधवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या. चढायला लोक घाबरतात, पण मांड्या मोडतात त्या उतारानं. उतरताना स्नायू ताणलेला असतानाच अंगाचं वजन पेलतो. म्हणून उताराचाही सराव लागतो, छोटी छोटी पावलं टाकत.

खाणं चालता चालता. दुकानात त्यासाठी चिकट गोड पाकिटं मिळतात, महाग. मी गूळ-फुटाणे, केळी, चिक्की आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे नेले होते. भूक लागायची वाट पाहायची नाही, अर्ध्या तासाला दोन घास. पाण्याचं उलटं आहे. तहानेपुरतंच प्यायचं. नुसतं साधं पाणी घटाघटा पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं गरगरतं, जिवावरही बेतू शकतं. दूरच्या शर्यतींमध्ये माणसं अशीही दगावली आहेत. म्हणून ओआरएसची पुडी सोबत. दुखणं दाबायच्या गोळ्या मात्र पळताना घ्यायच्या नाहीत, अंगातलं पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर जातात.

वाघाचा प्रश्न येणारच. आपण पेंचच्या दारात राहतो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पायी जायला मनाई आहे, तिथे सरावाचं नाव काढू नका. बाहेरही अंधारात आणि एकटीनं जंगलात शिरायचं नाही. वाकून मोहफुलं वेचणारी बाई जनावराला जनावरच वाटते असं वनखात्याची माणसं सांगतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्यात वनरक्षक स्वाती ढुमणे वाघांच्या गणनेच्या कामावर पायी असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. शिकलेली, सोबत माणसं असलेली बाई. त्यामुळे धाडस वगैरे शब्द मी जंगलाच्या बाबतीत वापरत नाही. उजाडल्यावर, तिघी-चौघींनी, बोलत बोलत, मोकळ्या वाटेनं.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला सोडलं. डोक्याला बॅटरी. पहिल्या तासात सगळे भरभर पुढे गेले, पोरंसोरं, रंगीत कपडे. मी मागे, माझ्यासोबत पुण्याची एक साठीची बाई. विसाव्या किलोमीटरपर्यंत मजा होती. चौतिसाव्याला एक चढ आला, गवत कापलेला, सावली नाही, दुपारचं ऊन. तिथे मी काठीवर कपाळ टेकून उभी राहिले. टोंगळा सुजला होता. मनात आलं की कोणी मला सांगितलं होतं का इथे यायला? आणि कोणीच सांगितलं नव्हतं. बायकांनो, चाळीस वर्षांत मी जे जे केलं ते कोणीतरी सांगितलं म्हणून केलं. हे एकच नव्हतं. मग हसू आलं. एक गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पन्नास पावलं मोजली, थांबले, पुन्हा पन्नास मोजली.

अडतिसाव्या किलोमीटरच्या थांब्यावर डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. अशा शर्यतीत वेळेची हद्द असते, त्या वेळेत थांब्यावर पोचलं नाही तर तिथेच थांबवतात. माझ्याकडे बावीस मिनिटं शिल्लक होती. माझ्यासोबतच्या पुण्याच्या ताई तिथेच थांबल्या, त्यांना उलट्या होत होत्या. त्या म्हणाल्या, "मी पुढच्या वर्षी येते, तू जा." त्यांचं मला फार पटलं. थांबायचं कधी हे ज्याला कळतं तोच पुन्हा येतो. मी दहा तास एक्केचाळीस मिनिटांनी पोचले. मंडप अर्धा काढला होता. एका पोरानं गळ्यात पदक घातलं आणि विचारलं, "मावशी, जेवलात का?"

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी पहिला महिना पळायचंच नाही. आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास भराभर चालायचं, सोबत एक मैत्रीण. दुसऱ्या महिन्यापासून चार मिनिटं चालणं, एक मिनिट पळणं. साडीवर जमत नसेल तर पंजाबी ड्रेस घाला, लोक चार दिवस बघतात आणि पाचव्या दिवशी विसरतात. सध्या आम्ही सात जणी आहोत, सोमवार सोडून रोज पहाटे साडेपाचला कालव्याच्या पुलावर जमतो. आणि हो, त्या गटातल्या ताई, ज्या चैन म्हणाल्या होत्या, त्यांनी गेल्या महिन्यात कर्जाचा अर्ज दिला. रकान्यात लिहिलंय, "चष्मा".