चित्रफितीची जागा कार्डानें घेतली

टेलिव्हिजनवर बातमी पाहतांना तें चित्र कशावर टिपलें असेल, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीं. बरीच वर्षें त्याचें मुख्य उत्तर 'फितीवर' असेंच होतें. १९५६ च्या एप्रिलमध्यें शिकागो येथें अँपेक्स कंपनीनें आपलें चित्रमुद्रणयंत्र लोकांपुढें मांडलें, तेव्हां त्याची फीत दोन इंच रुंद होती. पुढें ती अरुंद होत गेली. तरी कॅमेरा एकाच्या खांद्यावर, मुद्रणयंत्र दुसऱ्याच्या, आणि दोघांना बांधणारी तार मध्यें, अशी वरात बरीच वर्षें चालली. १९८२ सालीं सोनीच्या 'बीटाकॅम'नें अर्ध्या इंचाची फीत कॅमेऱ्याच्याच पोटांत बसविली आणि ही जोडी सुटली.

परंतु हा कॅमेरा म्हणजे मोठें नाजूक प्रकरण. आंत सेकंदाला पंचवीस फेरे घेणारा दंडगोल, आणि त्याला घासून जाणारी फीत! थंड खोलींतून दमट हवेंत आणावा, तर दंडगोलावर दंव धरे, आणि तें सुकेपर्यंत कॅमेरा काम करीत नसे. घटना तोंवर थांबत नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

कार्डांत यांतलें कांहींच फिरत नाहीं. १९८४ मध्यें जपानच्या तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं 'फ्लॅश' स्मृतीची कल्पना जगापुढें ठेवली. तींत विद्युत्कण चहूंबाजूंनीं विद्युत्‌रोधक थरांनीं वेढलेल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडले जातात. वीज बंद केली तरी ते वर्षानुवर्षें तेथेंच राहतात; आणि पुसावयाचे झाल्यास कप्प्यांचा मोठा गट एका झटक्यांत रिकामा होतो. २००४ सालीं पॅनासॉनिकनें 'पी टू' कार्डाचे कॅमेरे बाजारांत आणले. त्यांतल्या चार गिगाबाइटच्या कार्डावर साध्या प्रतीचें चित्रण अवघें सोळा मिनिटें मावे. म्हणून त्या कॅमेऱ्यांत एकाहून अधिक कार्डांची सोय ठेवावी लागली.

फितीवरचा शेवटचा मोठा घाव निसर्गानेंच घातला. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत भूकंप होऊन समुद्राचें पाणी सेंदाईजवळील सोनीच्या कारखान्यांत शिरलें. उंची कामाची 'एचडीकॅम एसआर' फीत तेथें तयार होत असे. ती मिळेनाशी झाली. जे फितीला चिकटून होते, त्यांतल्या पुष्कळांना तिच्याविना काम भागवावें लागलें, आणि सवय झाल्यावर बरेच जण परत फिरले नाहींत.

येथवर सर्व सोयीचेंच. खरी अडचण चित्रण संपल्यावर सुरू होते. फीत स्वस्त, म्हणून चित्रण झालें कीं ती फळीवर जाई. कोणी तिची काळजी वाहिली नाहीं तरी ती तेथें पडून राही. आळसानेंसुद्धां जतन होत असे! कार्ड महाग. दिवसाचें काम झालें कीं त्यावरील मजकूर दुसरीकडे उतरवितात आणि कार्ड पुसून सकाळीं पुन्हां कॅमेऱ्यांत घालतात. मूळ प्रत अशी उरतच नाहीं. आळस केला तर आतां चित्रच जातें. फीत महाग होती तेव्हां तिचेंहि असेंच होई. 'डॉक्टर हू' मालिकेच्या पुष्कळ फिती बी. बी. सी.नें १९६७ ते १९७८ या काळांत पुसून टाकल्या. त्यांतील कांहीं भागांचा पत्ता अजून लागलेला नाहीं.

मग कार्डेंच जपून ठेवावीं काय? माझ्या मतें नाहीं. कोंडलेले विद्युत्कण कालांतरानें झिरपतात, आणि तें डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून जाणते लोक दोन निरनिराळ्या ठिकाणीं प्रती उतरवून, त्या पडताळून, मगच कार्ड पुसूं देतात. चित्रणस्थळीं या कामाला स्वतंत्र माणूस नेमतात. त्याचें नांव श्रेयनामावलींत अगदीं खालीं येतें. एखाद्या संध्याकाळीं तो चुकला तर मात्र सर्वांची मेहनत त्याच्या हातून पुसली जाते. पुढें मोठमोठ्या संस्था या प्रती दीर्घकाळासाठीं ज्यावर चढवितात, ती वस्तु 'एलटीओ' नांवाची, गणकयंत्राच्या मजकुराची चुंबकीय फीत होय. तिचीहि रुंदी अर्धा इंचच आहे.