अर्ज कुणाच्या हातचा?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



शासकीय योजना मंत्रालयात जन्म घेते, परंतु ज्याच्यासाठी ती निघते त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचताना तिची फार दमछाक होते. दिव्यांगांच्या बाबतीत हा अनुभव विशेषत्वाने येतो. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या कायद्याने ते एकवीस केले. सिकलसेल, थॅलेसेमिया, स्वमग्नता, पार्किन्सन, अॅसिड हल्ल्याने आलेले व्यंग हे सारे त्यात आले. हक्काची कक्षा रुंदावली. प्रश्न उरला तो तेथवर जाणाऱ्या वाटेचा.

१ जून २०२१पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र केवळ केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावरूनच दिले जाते. अर्जदाराने घरबसल्या माहिती भरावी, छायाचित्र, आधार व पत्त्याचा पुरावा जोडावा, रुग्णालय निवडावे, नोंदणी क्रमांक घ्यावा. पुढे वैद्यकीय तपासणी आणि त्यानंतर देशभर चालणारे वैश्विक ओळखपत्र. या व्यवस्थेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. चालता न येणाऱ्या माणसाचा एक हेलपाटा वाचणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

तथापि अर्ज भरणे ही या कामाची केवळ पहिली पायरी. खरी कसोटी वैद्यकीय मंडळासमोर लागते. हात-पाय गमावलेल्या माणसाचे दुःख डोळ्यांना दिसते. मानसिक आजाराचे किंवा रक्तविकाराचे दिसत नाही. तेथे जुने केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या बोलतात. त्या घरी राहिल्या, तर टक्केवारी घसरण्याचा धोका असतो. चाळीस टक्क्यांची रेषा ओलांडली नाही, तर नोकरीतील चार टक्के आरक्षणासह अनेक दारे बंद होतात. ज्याचा हात सुटला त्याला हे संकेतस्थळ सांगत नाही. जाणता माणूस सांगतो.

येथेच दलाल शिरतो. तहसील कचेरीच्या आवारात तो लगेच भेटतो. ‘काम करून देतो’ म्हणतो आणि अर्जात स्वतःचाच मोबाइल क्रमांक घालतो. मग तपासणीची तारीख त्याच्या फोनवर येते, त्रुटीचा निरोपही तिकडेच जातो. खेड्यातील आई मात्र लेकराला कडेवर घेऊन ‘अजून काही कळलं का हो?’ म्हणून त्याच्याच दारी उभी राहते. २०२४च्या सुधारित नियमांनुसार दोन वर्षांत निकाली न निघालेला अर्ज निष्क्रिय होतो आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. दलाल क्वचित ‘टक्केवारी वाढवून’ देण्याचेही आमिष दाखवतो. अशा लबाडीने लाभ घेणाऱ्यास २०१६च्या कायद्याच्या कलम ९१नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खोट्या दाखल्याने खऱ्या दिव्यांगाचा घास जातो, हे त्याहून मोठे पाप.

ओळखपत्र हाती आले म्हणजे अनुदान सुरू झाले, असेही नव्हे. १९८०पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधारशी जोडलेले बँक खाते हे सारे जुळावे लागते. आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरे, एवढ्याने पैसे अडकतात. राज्य शासनाने २०२५मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक साहाय्य दीड हजारावरून अडीच हजार रुपये केले. सुखवस्तू घराला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या घरात तीच औषधांची आणि दुधाची तजवीज असते.

मग स्वतः अर्ज करावा की मदत घ्यावी? ज्या घरात शिकलेला मुलगा वा मुलगी आहे, कागद स्वच्छ आहेत आणि दिव्यांगत्व उघड आहे, त्यांनी निःशंकपणे स्वतः भरावा. जेथे आजार गुंतागुंतीचा आहे किंवा अर्ज एकदा नाकारला गेला आहे, तेथे जाणकाराचे साहाय्य अवश्य घ्यावे. दाखल्यावरील निर्णय मान्य नसेल, तर कलम ५९नुसार अपील करता येते. त्यासाठी वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिव्यांग व्यक्तीस विनामूल्य विधी साहाय्याचा हक्क दिला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात त्यासाठी अर्ज करता येतो. ही गोष्ट किती दिव्यांगांच्या घरी पोहोचली आहे, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीत विचारून पाहावे.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. न्यायालयाने हक्क सांगितला. अंध माणसाशेजारी बसून पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणे हे मात्र समाजाचे काम आहे.

कार्यकर्त्यासाठी यातून कामाची सोपी रीत निघते. वस्तीतील एक घर निवडावे. कागद एका पिशवीत लावून द्यावेत. अर्जात मोबाइल क्रमांक त्या घराचाच घालावा, नोंदणी क्रमांक त्यांच्या वहीत लिहावा, आणि तपासणीच्या दिवशी त्यांच्यासोबत रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे. पुढच्या वेळी ते घर शेजारच्या घराचा अर्ज भरू लागले, तर ती सेवा सार्थकी लागली असे समजावे.