स्वस्थ पडलेले फोन आणि वाटेतील चौक्या
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारिणीने आम्हास एखाद्या शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाच्या शोधात फार दूर जाण्याचे कारण पडले नाही. येथे बसलेल्या बहुतेकांच्या खिशात वा पिशवीत एक स्मार्टफोन आहे, आणि आमचे भाषण फारच कंटाळवाणे न झाल्यास पुढील काही मिनिटे तो स्वस्थ पडून राहील. अशा स्वस्थ पडलेल्या फोनाकडून दुसऱ्याचे काम करून घेता येईल काय, हा आजचा प्रश्न आहे.

आपला फोन बोलतो तो टॉवरशी. शेजारच्या खोलीतील माणसास हाक मारावयाची झाली तरी शब्द आधी टॉवरकडे जातात व तेथून परततात. इतक्या दूर लहर पाठविण्याची फोनाची शक्ती मात्र बेताचीच असते. 4जी फोनाच्या बाबतीत ती साधारणतः फार तर एक पंचमांश वॅट, म्हणजे घरातील झिरोच्या दिव्याहून कितीतरी कमी. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथाई उरते. शहरातील इमारती व भिंती यांच्या गर्दीत ती पुष्कळदा सोळाव्या हिश्श्यावर येते. आता बरोबर मध्यावर दुसरा फोन चौकीसारखा बसविला, तर पहिल्यास सोळावा हिस्सा शक्ती पुरेल आणि मधल्यासही तेवढीच, म्हणजे दोघांची मिळून आठवा हिस्सा. पूर्वीच्या डाकेत वाटेवर चौक्या असत, त्या उगीच नव्हत्या! अर्थात मधल्याने आधी ऐकावयाचे व मग सांगावयाचे, म्हणून वेळ अधिक लागतो. टॉवर जवळ असेल तेथे हा खटाटोप व्यर्थच होय.

दुसराही एक लाभ आहे, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा. लहरी भिंतींवर आपटून अनेक वाटांनी येतात, कोठे परस्परांना बळ देतात, तर कोठे परस्परांचा नाश करतात. असे दोन ठिकाणांमधील अंतर पुष्कळदा वीतभरसुद्धा नसते. म्हणूनच फोन जरा सरकवताच तुटलेला आवाज पुन्हा ऐकू येतो. एक फोन अशा खड्ड्यात सापडला तरी शेजारचाही त्याच क्षणी सापडेल असे सहसा घडत नाही. दोघांनी एकमेकांचा निरोप पोहोचविण्याचे ठरविले, तर दोघांचीही सोय होते. हे तत्त्व सेंडोनारिस, एर्किप आणि आझांग या तिघांनी 2003 साली गणिताने मांडून दाखविले. मधल्या चौकीचे मूळ गणित त्याहून जुने असून कव्हर व एल गमाल यांचा त्यावरील प्रसिद्ध निबंध 1979 चा आहे.

येथपर्यंत पांडित्य झाले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, वीज गेली, टॉवर मुके झाले आणि मुंबई-पुण्यातील किती मुलांना गावच्या वृद्ध आईबापांची खुशाली कळेना, हे ज्यांची घरे तिकडे आहेत त्यांना आम्ही सांगावयास नको. फोन गावात होते, त्यांच्या बॅटऱ्यांत जीवही होता. पण टॉवरवाचून ते एकमेकांशी बोलू शकत नव्हते. 2010 साली हैतीत भूकंप झाला, तेव्हा ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाचे पॉल गार्डनर-स्टीफन यांना हीच उणीव जाणवली आणि त्यांनी ‘सर्व्हल’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्यात वाय-फायच्या बळावर फोन ते फोन अशी साखळी जोडली जाते. पुढे जगातील फोनांचे नियम ठरविणाऱ्या 3जीपीपी या संस्थेने फोनांच्या थेट संभाषणास आपल्या नियमांत स्थान दिले, आणि 2022 च्या नियमांत एका 5जी फोनाने दुसऱ्याचा निरोप टॉवरपर्यंत नेण्याचीही तरतूद केली.

नियम झाले, तरी बाजारातील साध्या फोनांत ही सोय रुळलेली नाही. कारण उघड आहे. आमची बॅटरी परक्याच्या संभाषणासाठी का जळावी? आणि आमच्या फोनातून जाणारे बोलणे आम्ही ऐकले तर? दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. मधल्या फोनाला केवळ बंद लखोटा मिळावा, किल्ली दोन टोकांच्या माणसांपाशीच राहावी. 2019 पासून ॲपल कंपनीचे फोन रस्त्यात हरवलेल्या परक्या वस्तूची खूण टिपून ती अशाच बंद लखोट्यात मालकाकडे पोहोचवितात. 2024 पासून अँड्रॉइडमध्येही तशी व्यवस्था आली. लक्षावधी लोक नकळत ही चौकीदारी करीत आहेत आणि त्याबद्दल कोणी कुरकुरत नाही, कारण त्यात बॅटरी फारच थोडी खर्चते.

संभाषण वाहून नेण्याचे ओझे त्याहून पुष्कळ जड आहे. तेव्हा कंपन्यांनी ते फुकट मागू नये, असे आम्हास वाटते. जो आपला फोन देईल त्याच्या बिलात सूट पडावी, त्याची संमती आधी घेतली जावी आणि बॅटरी निम्म्यावर येताच फोनाने आपण होऊन अंग काढून घ्यावे. या कामास सर्वांत योग्य फोन कोणता म्हणाल, तर रात्री खिडकीपाशी चार्जरला लावून ठेवलेला. तो जागचा हलत नाही, त्याला विजेची ददात नाही आणि धनी झोपलेला असल्याने सकाळपर्यंत त्याची कोणास गरजही नसते.