विंचू छाप तंबाखू

भाकऱ्या उरकल्या असतील तर रेडिओजवळ या, नसतील उरकल्या तर जरा आवाज वाढवा. आज मी बोलणार आहे सिगारेटच्या पाकिटावर, विडीच्या कट्ट्यावर आणि तंबाखूच्या पुडीवर जे चित्र असतं त्याबद्दल. सडलेला जबडा, नासलेला गाल. दुकानात ते दिसलं की आपण मान फिरवतो. ते चित्र तिथं सहजासहजी आलेलं नाही. त्यासाठी कितीतरी वर्षं भांडण चाललं, आणि त्या भांडणात आपल्यासारखी एक बाईसुद्धा होती. तिची गोष्ट सांगणारच आहे. पण आधी माझ्या घरातली सांगते.

माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या नातवाला छाप सांगून दुकानात पाठवायच्या आणि तंबाखू मागवायच्या. मग ती तव्यावर भाजायची, चुरायची आणि पत्र्याच्या डब्यात भरायची. सकाळी उठल्यावर मिशरी, जेवल्यावर मिशरी, रानातून आल्यावर मिशरी. त्याशिवाय पोट साफ होत नाही, दाढ दुखते, असं त्यांचं म्हणणं. तुमच्यातल्या कितीजणी आत्ता हसल्या ते मला इथं बसून कळतंय.

२००९ सालच्या पावसाळ्यात नातवानं पुडी आणली, तर तिच्यावर विंचवाचं चित्र. आत्याबाईंनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "आगं, ही इच्चू छाप कवापासून निघाली? लई कडक असंल!"

मी हसले खरी, पण त्यांचं काय चुकलं? आपल्याकडं माल छापावरून ओळखतात. चित्र दिसलं की तो छाप, हे त्यांना लहानपणापासून माहीत. अक्षरं मला वाचता येत होती, त्यांना नाही. आणि सरकारनं चित्र टाकलं होतं ते त्यांच्यासाठीच.

आपल्या देशात सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापायचा कायदा १९७५ साली आला. पण तो नुसत्या अक्षरांचा, तोही बारीक, आणि फक्त सिगारेटला. विडी, तंबाखू त्यातून सुटली. म्हणजे ज्याला वाचता येतं आणि सिगारेट परवडते, त्याला इशारा. बाकीच्यांना काहीच नाही. पुढं कॅनडा देशानं २००१ पासून पाकिटावर चित्रं छापायला लावली. आपल्याकडं २००३ साली नवा कायदा झाला, त्यात सगळेच तंबाखूचे पदार्थ आले. तरी चित्रं येईनात. सिमल्याच्या हायकोर्टात याचिका झाली, तेव्हा कुठं २००६ साली नियम निघाले. मग ते पुढं ढकलले, परत ढकलले. शेवटी ३१ मे २००९ ला चित्रं आली, तीही फक्त पुढच्या बाजूला, शंभरातल्या चाळीस भागांत. धूम्रपानाच्या पाकिटावर फुप्फुसाचा फोटो आणि आपल्या पुडीवर तो विंचू. एक्स-रे बघून पोटात गोळा येईल असं गावात कोण आहे, तुम्हीच सांगा. २०११ च्या डिसेंबरात विंचू गेला आणि त्याच्या जागी कॅन्सर झालेल्या तोंडाचे फोटो आले.

आता त्या बाईची गोष्ट. तिचं नाव सुनीता तोमर, मध्य प्रदेशातल्या भिंड जिल्ह्यातली. तंबाखू खायची. तोंडाचा कॅन्सर झाला, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, गाल आणि जबडा गेला. पदरी दोन मुलं. बाईमाणूस अशा वेळी तोंडावर पदर ओढून घेते. सुनीतानं उलट केलं. २०१४ साली सरकारी जाहिरातीत ती तशाच चेहऱ्यानं सगळ्या देशासमोर उभी राहिली. आपल्या भुसावळच्या मुकेश हराणेला तुम्ही सिनेमाच्या आधी बघितलं असेल, गुटख्यानं चोविसाव्या वर्षी गेलेला पोरगा. त्याच्यासारखीच ही.

त्याच साली सरकारनं ठरवलं की १ एप्रिल २०१५ पासून चित्र आणि इशारा मिळून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा शंभरातला पंच्याऐंशी भाग झाकला पाहिजे. साठ भाग चित्र, पंचवीस भाग अक्षरं. तारीख जवळ आली आणि संसदेच्या एका समितीनं सांगितलं, थांबा. समितीचे अध्यक्ष आपल्याच अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूनं कॅन्सर होतो असं भारतातल्या अभ्यासानं दाखवलेलं नाही, असं ते म्हणाले. समितीतल्या एका खासदारांचा स्वतःचाच विडीचा धंदा होता. नियम पुढं ढकलला गेला. सुनीतानं पंतप्रधानांना पत्र लिहिलं की हे ऐकून मला वाईट वाटलं, चित्रं मोठी करा. आणि १ एप्रिल २०१५ ला, ज्या दिवशी ती मोठी चित्रं यायची होती त्याच दिवशी, ती गेली. अठ्ठावीस वर्षांची होती.

त्या वेळी आणखी एक गोष्ट बोलली गेली, ती आपण नीट ऐकली पाहिजे. विडी वळणाऱ्या बायांच्या पोटावर पाय येईल, असं म्हणत होते. सोलापूरला, सिन्नरला हजारो बाया विड्या वळतात, त्यांची काळजी खोटी नाही. पण इतकी वर्षं चित्रं अडली, त्यानं हजार विड्यांमागची मजुरी वाढली का? त्या बायांना दुसरं काम द्या, ही मागणी मला पटते. त्यांचं नाव पुढं करून चित्र अडवायचं, हे पटत नाही.

राजस्थानच्या हायकोर्टानं ढकलाढकलीला अटकाव केला आणि १ एप्रिल २०१६ पासून मोठी चित्रं आली. कंपन्या कोर्टात गेल्या. २०१७ च्या डिसेंबरात कर्नाटक हायकोर्टानं तो नियम रद्दसुद्धा केला, पण पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणून आज ते चित्र आहे.

आता आपली अडचण. चित्र पाकिटावर आहे, पण माणूस पाकीट घेतो कुठं? टपरीवर एक सिगारेट सुटी घेतो, चित्र टपरीवाल्याकडंच राहतं. म्हणून २०२० साली महाराष्ट्रानं सुटी सिगारेट, सुटी विडी विकायला बंदी केली. तुमच्या गावात ती किती पाळली जाते ते बघा. मावा प्लॅस्टिकच्या कागदात घोटून मिळतो, त्याला कसलं चित्र? आणि आपली मिशरी तर आपणच भाजतो. पुडी चुलीत जाते, तिच्याबरोबर चित्रही जातं.

आत्याबाईंच्या गालात आतून पांढरा चट्टा निघाला तेव्हा ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मिशरी बंद करायला सांगितलं. त्या हो म्हणाल्या आणि घरी येऊन लावली. मग मी पुडीवरचं चित्र कापून त्यांच्या डब्यावर खळीनं चिकटवलं. "माझ्या डब्याला मढं चिकटवलंस!" म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. डबा फेकला नाही, चित्रही काढलं नाही, फक्त त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवायच्या. महिनाभरानं एका रात्री म्हणाल्या, "ह्या माणसाला पोरंबाळं असतील का गं?" तेव्हा मी त्यांना सुनीताचं सांगितलं. आधी दुपारची मिशरी सुटली, मग संध्याकाळची. सकाळची सुटायला वर्ष गेलं. त्या डब्यात आता बडीशेप असते, आणि पाहुणे घ्यायला कचरतात.

पुढच्या बैठकीला बचत गटातल्या सगळ्यांनी आपापला मिशरीचा डबा घेऊन या. लपवू नका, सगळ्यांकडं आहे. कात्री आणि खळ मी आणते. घरातल्या रिकाम्या पुड्या, विडीचे कागद, सिगारेटची पाकिटं तोवर जपून ठेवा, पुरुषांनी विचारलं तरी सांगू नका कशाला. कुणी पोटुशी असेल तर तिनं आजच थांबवावी, तंबाखूनं बाळ वजनाला कमी भरतं. आज झोपायच्या आधी आरशासमोर तोंड उघडा. तीन बोटं उभी आत जातात का बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर सोमवारची वाट बघू नका. पुडीवर एक नंबर असतो, १८००-११-२३५६. फोन फुकट आहे, सोडायला मदत करतात. अक्षरं येत नसतील तर लेकीला लावून द्यायला सांगा. रामराम.