कच्चा, ढ आणि अर्धवट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



ज्यांनी मराठी शिकवलं त्यांच्याच समोर मराठीवर बोलायचं, म्हणजे पुन्हा फळ्याजवळ उभं राहण्यासारखं आहे. म्हणून एकाच शब्दाला हात घालतो: कच्चा. आपल्यातल्या निम्म्यांच्या प्रगतिपुस्तकात तो होताच.

'गणितात कच्चा' या शेऱ्याचं व्याकरण बघा. त्यात सप्तमीचा प्रत्यय आहे. कच्चेपणा गणितापुरता, बाकीचा मुलगा शाबूत! शिवाय कच्च्याच्या पुढे पक्का उभाच असतो. कच्ची वीट भट्टीत जाते, कच्चा खर्डा पक्का होतो, कैरी अढीत पिकते. तुरुंगातला कच्चा कैदीसुद्धा खटल्याचा निकाल लागेपर्यंतच कच्चा.

'ढ'चं तसं नाही. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची वळणं पार बदलली. 'ढ' मात्र जवळजवळ तसाच राहिला. 2200 वर्षांत प्रगती नाही, म्हणून न सुधारणारा विद्यार्थी 'ढ', असं सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो की मागाहून जुळवलेली, ती चपखल आहे, आणि म्हणूनच निर्दय आहे.

'अर्धवट' त्याच्याही पुढे जातो. 'गणितात अर्धवट' असं कोणी म्हणत नाही. काम अर्धवट असेल तर उद्या पुरं होतं. माणसाला अर्धवट म्हटलं की त्याला उद्या उरत नाही.

लेखकाची पारख होते ती इथे. जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध' या कादंबरीवर प्रसाद ओक यांनी 2017 मध्ये चित्रपट केला. शरीरानं वाढलेला पण मनानं लहान राहिलेला मुलगा आणि त्याला सांभाळणारे आईवडील यांची ती गोष्ट. नाव दिलं 'कच्चा लिंबू'. हा शब्द दवाखान्यातला नाही, अंगणातला आहे. लगोरीत, लपंडावात आपणही धाकट्या भावंडांना 'कच्चं लिंबू' म्हणून घेत होतो: खेळात आहे, पण त्याच्यावर राज्य नाही. वर्ष-दोन वर्षांत ते पोर खऱ्या खेळात यायचं. या घरात ती वर्षं येतच नाहीत. 'अर्धवट' म्हणून शेजाऱ्यांनी एका शब्दात निकालात काढलं असतं ते दुःख, या शब्दामुळे आपण आत शिरून बघतो. शब्द आशेचा आणि गोष्ट आशा संपल्याची, हे मला फार मोठं वाटतं.

हाच अर्थ माणूस स्वतःला लावतो तेव्हा रंग बदलतो. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत ज्ञानदेव स्वतःला बोबडं बोलणारं मूल म्हणवतात आणि श्रोत्यांना आईबापांच्या जागी बसवतात. विनय आहेच, पण एकदा आईबाप झाल्यावर श्रोता उठून जाणार कसा? या स्मरणिकेसाठी लेख देतानाही अनेकांनी 'कच्चं लिखाण आहे, सांभाळून घ्या' असं म्हटलंय. परंपरा जुनी आहे, एवढंच सांगतो.

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'त (2004) नववीतला मुलगा स्वतःच गोष्ट सांगतो. त्यामुळे त्याला पोरकट म्हणायला तिथे कोणी मोठा निवेदकच नाही. त्याचं कोवळेपण आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही. नववीत आपल्याला तरी कुठे दिसत होतं? घरी आजीसाठी आपण कोवळे, शेजाऱ्यांसाठी अल्लड, मोठ्या भावासाठी पोरकट. वय तेच, म्हणणारा वेगळा.

शिक्षकांच्या खोलीत आमच्या तुकडीसाठी यातला कोणता शब्द चालायचा, ते मात्र अजून कळलेलं नाही. सर समोरच बसले आहेत. जेवणाच्या पंगतीत त्यांना गाठणार आहे.